डेहराडूनसाठी विणलेला स्वेटर

आत्याच्या घरात शिवलेला कपडा कधी विकत येत नसे. कापड येई, लोकर येई, दोऱ्याची रिळं येत. पण बाही असलेली, गळा असलेली वस्तू दुकानातून घरात आली असं मी तिथं राहिले तेवढ्या वर्षांत पाहिलं नाही. माझी परकर-पोलकी, मामांचे सदरे आणि पायजमे, उशांचे अभ्रे, माठावरचं झाकण, भाकरीच्या टोपलीतलं फडकं, देवघरातल्या बाळकृष्णाची कुंची, सगळं आत्याच्या हातचं. आत्याच्या यजमानांना आमच्याकडच्या रीतीनं आम्ही मामा म्हणायचो. ते सकाळी कचेरीत गेले की आत्या चटई टाकून हातमशीन पुढ्यात ओढायची, आणि मग दुपारी नळाला पाणी येईपर्यंत घरात त्या मशीनचाच आवाज. सरळ शिलाई असली की तो एकसुरी चाले, बाहीचं वळण आलं की अडखळे. मी आतल्या खोलीत धडा पाठ करत बसलेली असले तरी बाहेर काय शिवणं चाललंय ते मला आवाजावरून कळे.

मी मूळची सोयगावची. आमच्या घरात माझ्या आधी कुणी शाळेची पायरी धड चढलं नव्हतं. आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, सही येत होती आणि तिचाच त्यांना फार अभिमान होता. गावात मुलींना पुढं शिकायची सोय नव्हती आणि आत्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून आप्पांनी मला एसटीत बसवून औरंगाबादला आणून सोडलं. जाताना ते एवढंच म्हणाले, "गोदे, पोर तुझी. शिकीव, नायतर कामाला लाव, आन् लग्नाचं बी तूच बघ." आत्यानं मान डोलावली. मी कोपऱ्यात उभी होते आणि मान डोलावतानाच ती माझ्याकडं पाहून माझ्या खांद्यांची रुंदी मनात मोजत होती, हे मला पुढं तिची सवय कळल्यावर लक्षात आलं.

पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं झाली होती. मामा निजामाच्या अमलात अहलकार होते, म्हणजे कारकून. काळी शेरवानी घालून कचेरीत जायचे. नव्या राज्यात शेरवानी मागं पडली. मामा सदरा-कोट घालू लागले आणि उर्दूत झरझर चालणारा त्यांचा हात मराठी टिपण लिहिताना लहान मुलासारखा थांबत थांबत चालू लागला. संध्याकाळी ते मला हाक मारायचे, "शांता, जरा ही वेलांटी बघ गं, पहिली की दुसरी?" मला त्यांची फार दया यायची, आणि थोडा मोठेपणाही वाटायचा. शेरवानी आत्यानं वाया जाऊ दिली नाही. तिनं ती उसवली, उलटी केली आणि माझ्यासाठी थंडीचा कोट शिवला. अस्तराला अत्तराचा वास तसाच होता. पहिल्या दिवशी तो घालून मी शाळेत गेले तर वर्गातल्या मुली उठून उभ्या राहिल्या आणि एकीनं कपाळाला हात लावून म्हटलं, "मुन्शीजी, सलाम!" शाळा संपेपर्यंत माझं नाव मुन्शीजीच राहिलं. मी घरी येऊन रडले तर आत्या म्हणाली, "हसू दे. शिवण बघ म्हणावं त्यांना. एक टीप वाकडी दाखवा."

त्या घरात मला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. येसराच्या पिठाची आमटी, ज्वारीची भाकरी, सणाला पुरण. कधी लाडात असली की आत्या माझ्यासाठी धपाटे थापायची आणि वर लोण्याचा गोळा ठेवायची. पण मी शाळेत जायची ती आत्याबरोबर आणि परत यायची ती आत्याबरोबर. ती पुढं, मी मागं, नजर तिच्या टाचांवर. खिडकीत उभं राहायचं नाही, नळावर एकटीनं जायचं नाही. शिंप्याकडं तर जायचा प्रश्नच नव्हता, कारण परक्या पुरुषानं माप घ्यायचं म्हणजे काय, असं आत्याचं म्हणणं. माझं माप तीच घ्यायची. तिच्या तोंडात टाचण्या असत. मी दोन्ही हात बाजूला पसरून उभी. "हालू नको." मी श्वास रोखायची. "श्वास घे गं, मरशील. पन हालू नको." मी वाढत होते, अंग बदलत होतं, आणि ते मला कळायच्या आधी तिला कळत होतं. पोलक्याचा गळा वर वर सरकत गेला, बाही मनगटापर्यंत आली. आज गारखेड्यातल्या माझ्या घरी कपाट उघडलं की नातीचे कपडे बघते. तिला तिचं माप ठाऊक नाही, मोबाईलवर बोटानं निवडते आणि नाही बसलं तर परत पाठवते. मला हेवा वाटतो, आणि कपड्यांची शिवण पाहिली की वाईटही वाटतं.

विणकाम आत्याला शेजारच्या बानूखालांनी शिकवलं होतं. खाला वयानं मोठ्या होत्या. त्यांच्या आमच्या घराला एकच भिंत होती आणि त्या भिंतीत एक झरोका होता. त्यातून सुया, लोकर, खिरीची वाटी, ईदेला शीरखुर्मा, असं काय काय ये-जा करत असे. आत्या शिकली आणि खालांच्या पुढं गेली. लोकरीच्या लड्या यायच्या, त्यांचे गुंडे करावे लागत. त्यासाठी माझे दोन हात लागत. मी समोर बसून दोन्ही हात पुढं धरायचे, आत्या त्यांवर लडी चढवायची आणि टोक धरून गुंडाळत राहायची. नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही. समोरच्या भिंतीवर ऊन सरकत जाई आणि मी मनात कविता म्हणत बसे. खाला झरोक्यातून बघत म्हणायच्या, "गोदाबाई, बच्ची के हाथां बांधके रख दिये जी तुमी!" आत्या म्हणायची, "हात रिकामे असले की पोरी बिघडतात, खाला."

वर्षातून एकदा, दिवाळीला, आम्ही सोयगावला जायचो. आमचा प्रवास म्हणजे तेवढाच. एसटीत आत्या खिडकीशी बसायची, कारण वाऱ्यानं माझे केस विस्कटतील. ती सगळ्या वाटेनं विणत असे. एकदा सिल्लोडच्या पुढं गुंडा तिच्या मांडीवरून घसरला आणि बाकांखालून पार ड्रायव्हरपर्यंत गेला. कंडक्टर ओणवा होऊन शोधू लागला. "अहो बाई, ही गाडी हाय का मागवाडा? सगळ्या पासिंजरांच्या पायात जाळं केलंय तुम्ही!" आत्या जागची हलली नाही. "तोडू नका. गुंडाळत गुंडाळत या," म्हणाली. आणि तो खरंच गुंडाळत गुंडाळत आला. अजिंठ्याचा घाट उतरला की लेण्यांचा फाटा लागे. तिथं गोरे पाहुणे उतरताना दिसायचे. मी दरवर्षी विचारायची, "आत्या, एकदा उतरायचं का?" ती सुयांवरून मान न उचलता म्हणायची, "दगडात काय बघायचं?" गाडी फाट्यावरून निघून जाई. पुढं मी शिक्षिका झाले, मुलींच्या सहली घेऊन तिथं कितीदा गेले. त्या चित्रांतल्या बायकांच्या अंगावरची पट्ट्यापट्ट्यांची वस्त्रं बघताना प्रत्येक वेळी वाटलं की आत्याला एकदा ओढून खाली उतरवायला हवं होतं.

मी मॅट्रिक झाले तेव्हा आमच्या वर्गशिक्षिका घरी आल्या. त्या नागपूरकडच्या, एकट्या राहणाऱ्या. आत्यानं त्यांना कुरमुऱ्यांचा सुशीला खायला घातला, चहा दिला. बाई म्हणाल्या, "हिला कॉलेजात घाला. हुशार आहे. गावात कॉलेज आहे, कुठं लांब पाठवायचं नाही." मी दारामागं उभी होते. आत्या शांतपणे म्हणाली, "बाई, तुमचं खरं हाय. पन पोर भावाची, जिम्मा माझा. कालेजात पोरं असतात. उद्या काय झालं तर मी भावाला कोन्तं तोंड दावू?" बाई गेल्या. आठवडाभरात मामांच्या ओळखीतून पाचोऱ्याचं स्थळ आलं. मुलगा सरकारी नोकरीत, डेहराडूनला. मला बघून गेले, पसंत केलं. मुलगा आला नव्हता, त्याची आई आणि काका आले होते. मी शाळेच्या नकाशाच्या पुस्तकात डेहराडून शोधलं. पान उलटल्यावर सापडलं, पार वर, डोंगरांच्या खाली. तिथं कोणती भाषा बोलतात तेही मला माहीत नव्हतं. मी आत्याला म्हणाले, "मला शिकायचंय." ती म्हणाली, "संसारात लई शिकायला मिळतं." मामांना म्हणाले, तर ते खाली बघत म्हणाले, "बेटा, या मामल्यात माझं चालत नाही." बोलायला आणखी कुणी नव्हतं.

आत्याला एकच गोष्ट सुचली होती. डेहराडूनला थंडी, जावयाला स्वेटर विणायचा. आमच्याकडची पद्धत अशी होती की साखरपुड्याला नवऱ्या मुलाला मुलीकडच्या बाईच्या हातचं वस्त्र अंगावर घालायचं आणि मगच सुपारी फोडायची. सुपारी फुटली की लग्न ठरलं. इतर घरी उपरणं द्यायचे, टोपी द्यायचे. आत्या असल्या सोप्या गोष्टीत समाधान मानणारी नव्हती. तिनं पाचोऱ्याला निरोप पाठवला की मापाला मुलाचा एक सदरा द्या. सदरा आला. आत्यानं तो चटईवर पसरला, टेप लावली, पुन्हा वितीनं मोजला, खांद्याची शिवण बोटांनी चाचपली. "बारीक अंगाचा हाय," म्हणाली. मग शहागंजातून शेवाळी रंगाची लोकर आणली, मी हात पुढं धरले आणि तो सबंध उन्हाळा त्या लोकरीत गेला. बाहेर झळा आणि माझ्या हातांवर लोकर. माझ्या तळव्यांना घाम सुटे. पाठ झाली, पुढा झाला, बाह्या झाल्या. एकेक भाग पुरा झाला की आत्या तो सदऱ्यावर ठेवून बघायची. काठाला काठ मिळायचा. मला त्या सदऱ्याची भीती वाटू लागली होती. खुंटीवर टांगलेला असे तेव्हा तो माणूस घरात येऊन उभा राहिल्यासारखा वाटे.

साखरपुडा आमच्याच घरी होता. आप्पा शेतीच्या घाईत अडकले होते; त्यांनी कळवलं, गोदी करील ते मला मान्य. पाहुणे बाहेरच्या खोलीत बसले. मी आतल्या खोलीत, आत्यानं शिवलेलं जरीच्या काठाचं पोलकं आणि पहिल्यांदा नेसलेली नऊवारी, अशी उभी होते, कारण बसलं तर निऱ्या मोडतील असं मला सांगितलं होतं. बानूखाला माझा हात धरून होत्या. दाराच्या फटीतून मला बाहेरचं थोडं दिसत होतं. मुलगा आला होता. चांगला उंचापुरा, भरल्या अंगाचा, गोरा, घामेजलेला माणूस. माणूस वाईट नव्हता. आजही माझं त्याच्याविषयी काही म्हणणं नाही.

आत्या स्वेटर घेऊन उठली. "वर करा हात," म्हणाली. त्यानं हात वर केले. मुलाच्या काकांनी आणि आमच्या मामांनी मिळून स्वेटर डोक्यातून घातला. हात बाह्यांत गेले, डोकं गळ्यात गेलं, आणि तिथंच सगळं थांबलं. स्वेटर खांद्यांच्या खाली येईना. काका ओढू लागले. आतून आवाज आला, "आई, आई गं, काढा!" लहान मुलं खदखदा हसली. हात वर, डोकं आत, अशा अवस्थेत तो माणूस खोलीच्या मध्यभागी आंधळ्यासारखा फिरला आणि पानांच्या तबकावर पाय पडला. शेवटी दोघांनी ओढून स्वेटर काढला. त्याचे केस उभे राहिले होते आणि तोंड लाल झालं होतं.

मुलाची आई हसत म्हणाली, "लोकर कमी पडली का हो विहीणबाई?"

आत्या पांढरी पडली. "सदरा तुम्ही धाडला. त्याच मापाचं हाय."

"माप जमत नसंल तर दुकानातून आणायचं. हौस कशाला?"

आत्या आत आली, माझ्याकडं न बघता खुंटीवरचा सदरा ओढला आणि बाहेर गेली. "हा घालून दावा. बसला तर मी चुकले."

आता मुलाची आई जरा चाचरली. "तो कसा बसंल? शिकायला होता तवाचा हाय तो. वापरातला कपडा कुनी परक्या घरी देतं व्हय? कोन काय करनी करील, काय नेम? म्हनून जुना दिला."

मुलाच्या आईच्या बोलण्यात तसं खोटं काही नव्हतं. आमच्याकडं अंगावरचा कपडा बाहेर जाऊ देत नाहीत, आत्यानंही दिला नसता. पण आत्याचा आवाज बारीक झाला. "म्हंजी माझ्या घरात करनी करतात?"

मामा मधे पडले. "अहो, सबूर करा. लोकर आहे, ताणते ती. जरा ताणून—"

"तानती म्हनू नका!" आत्या त्यांच्यावर ओरडली. मामांवर ओरडलेली मी तिला तेव्हाच पाहिली. मग ती मुलाच्या आईकडं वळली. "बाकी काय नको मला. चारचौघांत एवढंच म्हना, की गोदावरीचं माप चुकलं नाय. मी पुन्हा विनून देते. मग फोडू सुपारी."

"मी? मुलाकडची मी. मी म्हनू?"

"व्हय."

"बघा हो हिचा तोरा!" मुलाची आई उठली. काका दोन्हीकडं हात जोडत राहिले. मुलगा केस सारखे करत म्हणाला, "आई, म्हण ना, काय होतंय?" पण ती चपला घालत होती. माझ्या शेजारी बानूखाला कुजबुजल्या, "गोदाबाई का नाप गलत नै होता, बेटी. दुनिया इधर की उधर हो गई तो बी नै." आनंद झाला असं म्हणणं खोटं ठरेल. मी फक्त ऐकत होते की बाहेर सुपारी फुटल्याचा आवाज येतो की नाही. तो आला नाही. टांगे लागल्याचा आवाज आला, आणि मग तोही लांब गेला.

पुढचे दिवस मात्र आधीपेक्षा वाईट होते. मोडलेल्या सोयरिकीची मुलगी म्हणून गल्लीतल्या बायका माझ्याकडं बघत. मशीन बंद होती. आत्या भिंतीला टेकून बसे आणि मी चहा पुढं ठेवला तर घेई, नाही ठेवला तर मागत नसे. बातमी ऐकून आप्पा आले. पटका काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "झालं ते झालं. पोरीला घेऊन जातो. भावकीत बघू एखादं, शेतीवाडीवालं. आता जास्त निवडत बसायचं नाय." मला सोयगावचा गुरं बांधायचा तो वाडगा, त्यातला वास, चुलीपुढची माझी आई, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. मला त्याची लाज नव्हती, आजही नाही. पण तिथं गेले की कायमची गेले, हे मला कळत होतं. कॉलेज सुरू व्हायला थोडेच दिवस होते.

आत्या भिंतीपासून सरळ झाली. "पोर इथून जायची नाय."

"का बरं?"

"आशी गेली तर सगळा मोहल्ला म्हनंल, गोदीचं माप चुकलं म्हनून पोर माघारी धाडली. ती इथंच राहील. ताठ मानेनं राहील."

आप्पा वैतागले. "राहून काय करंल? अजून स्वेटरं विनंल?"

आत्या चटईची सुटलेली काडी आत खोचू लागली. मामा माझ्याकडं बघत होते. मी आजवर आप्पांपुढं तोंड उघडलं नव्हतं. माझा आवाज मलाच परका वाटला. "कॉलेजात जाईन," मी म्हणाले. "रोज जाईन आणि रोज येईन. सगळे बघतील."

आप्पांनी आत्याकडं पाहिलं. आत्यानं माझ्याकडं, डोक्यापासून पायांपर्यंत, नेहमीसारखं. "पोलकी मी शिवनार," ती म्हणाली. "आन् न्यायला आनायला मीच येनार."

अशी मी कॉलेजात गेले. आप्पांनी जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्या हाताचे उपकार माझ्यावर आयुष्यभर आहेत. आत्या रोज माझ्यापुढं चालत येई आणि आवारातल्या कडुलिंबाखाली सतरंजीचा तुकडा टाकून विणत बसे. तास संपेपर्यंत. मुलं मुद्दाम तिच्या समोरून जात आणि "आत्याबाई, आम्हाला पण स्वेटर!" म्हणत. ती मान वर न करता म्हणायची, "आधी सदरा आना. वापरातला!" वर्गात मी पुढच्या बाकावर बसे, आणि खिडकीतून तिच्या सुया हलताना दिसत. इतिहासाचे सर काय सांगतात त्याकडं माझं निम्मं लक्ष असे. निम्मं त्या सुयांकडं. माझ्या सबंध पहिल्या सत्रात कॉलेजच्या फाटकाबाहेर मी एकटीनं पाऊल टाकलं नाही.

मग एके दिवशी शेवटचा तास संपवून बाहेर आले, तर लिंबाखाली कुणी नव्हतं. सतरंजीही नव्हती. मी उभी राहिले. बराच वेळ उभी राहिले. मुलं-मुली निघून गेली, शिपायानं एकेक खोली बंद केली. आत्या आली नाही. आणि तेव्हा मला कळलं की मला घरी जायचा रस्ता माहीत नाही. इतकी वर्षं या गावात काढली, पण मी तिच्या टाचा पाहिल्या होत्या, रस्ता पाहिला नव्हता. मी फाटकाबाहेर पडले, डावीकडं वळले, ते चुकलं. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेले. कुठं तांब्याची भांडी ठोकत होते, कुठं भट्टीतून नान निघत होते, एक म्हातारा बकरीला पाला भरवत होता. भीती वाटत होती आणि तरीही मी सगळं बघत होते. शेवटी भाजी निवडत ओट्यावर बसलेल्या एका बाईला विचारलं. तिनं कोपरात हात वाकवून दाखवलं, "ह्ये असं जा, आन् असं वळ."

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. दार उघडंच होतं. मामा दाराशी येरझारा घालत होते. आत्या चटईवर मशीनपुढं बसली होती, शेजारी सतरंजीच्या तुकड्याची घडी. बऱ्याच दिवसांनी अशा वेळेला मशीन चालू होती. तिनं हात थांबवला नाही.

"उशीर झाला," ती म्हणाली.

"रस्ता चुकले."

"मग?"

"एका बाईला विचारलं."

तिनं चाक थांबवलं, दोरा दातानं तोडला आणि कपडा झटकला. माझ्याकडं पाहिलं. तिचे डोळे सुजलेले होते.

"उद्या विचारायचं नाय," ती म्हणाली. "उद्या आपलं आपन यायचं."